जुने इंजिन आणि नवा जोर



आपली व्याख्यानमाला वसंतात भरते, आणि याच दिवसांत ५ एप्रिल ही तारीख येऊन जाते. १९१९ साली या तारखेस सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही आगबोट मुंबईहून लंडनकडे निघाली. परकी कंपन्यांच्या मक्त्याला हिंदी मालकीच्या कंपनीने दिलेले ते आव्हान होते, म्हणून १९६४ पासून हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी भाषणे होतात, बिल्ले वाटले जातात. पण एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. ‘लॉयल्टी’ ही नवी बोट नव्हती. कॅनडाच्या एका कंपनीसाठी १८९१ साली ती ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने बांधली गेली. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेर दरबाराने ती रुग्णनौका म्हणून घेतली, आणि सिंदिया कंपनीकडे आली तेव्हा तिचे वय २८ वर्षांचे होते. ती फार काळ चालविणे परवडले नाही. १९२३ साली ती मोडीत निघाली. अभिमानाने बोट बंदराबाहेर पडते, परंतु पुढचा प्रवास इंजिनावर आणि खर्चाच्या हिशेबावर होतो.

मालकाजवळ नवे इंजिन घेण्याइतका पैसा नाही, आणि जुन्या इंजिनाचा जोर पुरत नाही, अशा वेळी काय करावयाचे? हा प्रश्न दोनशे वर्षे आगबोटींच्या मालकांपुढे आहे. मच्छीमाराच्या होडीपासून मोठ्या मालवाहू जहाजापर्यंत आजही आहे. जुन्या इंजिनातून अधिक अश्वशक्ती कशी काढली गेली, कोणी काढली आणि तिची किंमत कोणी मोजली, याचा इतिहास आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

आम्ही इंजिनिअर नव्हे. आमचे शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते गोदीच्या भिंतीलगत, सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या बैठकांत. यंत्राचा इतिहास वाचण्याची पाळी आमच्यावर आली ती आमच्याच एका चुकीमुळे. ती चूक आम्ही पुढे सांगणारच आहोत. परंतु ती समजावयाची तर आधी इंजिन थोडे समजून घेतले पाहिजे.

प्रथम अश्वशक्ती म्हणजे काय ते पाहू. हे माप जेम्स वॉट याने रूढ केले. ३३,००० पौंड वजन एका मिनिटात एक फूट उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती. त्या काळी गिरणीचे जाते आणि खाणीचा रहाट घोडा फिरवीत असे. तेव्हा “हे इंजिन तुमच्या किती घोड्यांचे काम करील?” हा गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न असे. व्यापाऱ्याला समजेल अशा भाषेत वॉटने त्याचे उत्तर दिले.

पण वॉटची खरी कामगिरी या मापात नाही. त्याच्या आधी न्यूकॉमेनचे इंजिन होते. ते १७१२ पासून खाणींतले पाणी उपसत असे. त्यात प्रत्येक फेरीला सिलिंडर वाफेने तापावयाचे आणि लगेच आत थंड पाणी मारून वाफ निववावयाची. कोळसा जळे त्याचा मोठा भाग लोखंड पुन्हा पुन्हा तापविण्यातच जाई. वॉटला १७६५ साली सुचले, की वाफ निवविण्याचे काम निराळ्या भांड्यात करावे आणि सिलिंडर सदा गरम ठेवावे. १७६९ साली त्याने या कल्पनेचे पेटंट घेतले. वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन हे खाणीच्या पंपांसाठी मोबदला कसा घेत, ते कामगारांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. जुन्या इंजिनाच्या मानाने जो कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश ते मागत. उरलेला दोन तृतीयांश खाणमालकाचा. म्हणजे बचतीची वाटणी करारात लिहिलेली होती, आणि तीत इंजिनापाशी उभ्या असलेल्या माणसाचे नाव नव्हते. ही वाटणी ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. १८२९ साली मुंबईच्या गोदीत नवरोजी जमशेटजी वाडिया यांनी ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट बांधली. वजन ४११ टन, आणि प्रत्येकी ८० अश्वशक्तीची दोन इंजिने. २० मार्च १८३० रोजी ती सुएझकडे निघाली. तिच्यात साडेपाच दिवसांच्या कोळशाची सोय होती, आणि एडन गाठावयाला लागणार होते अकरा दिवस! कोठारे भरली, मग खोल्यांत कोळसा, डेकवर कोळसा. बोट पाण्यात इतकी बसली की तिची चाके नीट फिरेनात. एडनला पोचली तेव्हा जेमतेम सहा तासांचा कोळसा उरला होता.

या बोटीला कोणी म्हणाले असते, की “आणखी मोठे इंजिन बसवा”, तर काय झाले असते? मोठे इंजिन अधिक कोळसा खाणार, अधिक कोळसा म्हणजे अधिक वजन, आणि वजन ओढावयाला पुन्हा अधिक शक्ती. या चक्रातून सुटका इंजिन मोठे केल्याने होणार नव्हती. त्याच कोळशातून अधिक काम काढणे, ही एकच वाट होती.

मुंबईच्या आगबोटींच्या कारखान्यात याच घराण्यातले अर्देशीर कर्सेटजी वाडिया होते. १८४१ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद झाले. हा मान मिळालेले पहिले हिंदी गृहस्थ तेच. पुढे ते मुंबईच्या कारखान्याचे मुख्य इंजिनिअर झाले, आणि त्यांच्या हाताखाली युरोपियन कारागीरही काम करीत. तेव्हा यंत्राची विद्या परक्यांची आणि आपण फक्त हमाल, हा समज निदान मुंबईने तरी बाळगू नये.

त्याच कोळशातून अधिक काम काढावे, तर अडचण कोठे होती? अडचण होती समुद्राच्या पाण्यात. जुन्या आगबोटी बॉयलरमध्ये खारे पाणी घालीत. मीठ साचे, त्याचा थर धरे, आणि तो कमी करण्यासाठी गरम खारट पाणी वारंवार समुद्रात सोडून द्यावे लागे. अशा बॉयलरला अधिक दाब सोसत नसे. १८३० नंतरच्या दशकात सॅम्युएल हॉल याने नळ्यांचा कन्डेन्सर पुढे आणला. त्यात वाफ नळीच्या एका अंगाला आणि समुद्राचे पाणी दुसऱ्या अंगाला राही. निवलेली वाफ शुद्ध पाणी होऊन पुन्हा बॉयलरमध्ये जाई. ही युक्ती सर्वत्र रुळावयास आणखी पंचवीसएक वर्षे लागली, पण तिने जास्त दाबाचे दार उघडले.

दाब वाढला तरी एक अडचण राहिली. जास्त दाबाची वाफ एकाच सिलिंडरमध्ये शेवटपर्यंत पसरू दिली, तर पसरता पसरता ती थंड होते आणि सिलिंडरच्या भिंतीही थंड करते. पुढची ताजी वाफ त्या थंड भिंतीवर आपटून पाणी होते. न्यूकॉमेनचाच दोष निराळ्या वेषात परत आला! त्यावर उपाय असा, की वाफ आधी लहान सिलिंडरमध्ये थोडी पसरू द्यावयाची, आणि तेथून बाहेर पडल्यावर मोठ्या सिलिंडरमध्ये पुन्हा कामाला लावावयाची. याला कंपाऊंड इंजिन म्हणतात. जुन्या इंजिनाला ही युक्ती जोडून दाखविली ती विल्यम मॅकनॉट याने, १८४५ साली. गिरण्यांत तुळईची मोठी इंजिने होती. मॅकनॉटने जुने सिलिंडर तसेच ठेवले, तुळईच्या दुसऱ्या बाजूस जास्त दाबाचे एक लहान सिलिंडर बसविले आणि नवा बॉयलर दिला. घर तेच, पाया तोच, चाक तेच. जोर वाढला आणि कोळसा वाचला. कारागिरांच्या बोलीत ‘मॅकनॉटिंग’ असे क्रियापदच रूढ झाले.

समुद्रावर हे काम ग्लासगोच्या जॉन एल्डर याने केले. १८५४ साली त्याच्या कारखान्याने ‘ब्रँडन’ या बोटीला कंपाऊंड इंजिन दिले, आणि कोळशाची सुमारे तीस टक्के बचत झाली. त्याचे पहिले मोठे गिऱ्हाईक होते दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर चालणारी पॅसिफिक स्टीम नॅव्हिगेशन कंपनी. कारण त्या किनाऱ्यावर कोळसा फार महाग पडे. १८६१ साली पी. अँड ओ. कंपनीची ‘मुलतान’ अशाच इंजिनाने निघाली. लिव्हरपूलच्या आल्फ्रेड होल्टने १८६६ साली ‘अ‍ॅगमेम्नॉन’ ६० पौंड दाबावर चालविली. दहा मैलांच्या वेगाने जाताना ती दिवसाला सुमारे २० टन कोळसा घेई, आणि लिव्हरपूलहून मॉरिशसपर्यंतचे साडेआठ हजार मैल वाटेत कोळसा न घेता जाई. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला, तेव्हा शिडाच्या जहाजांना मागे टाकणारे यंत्र तयार होतेच. पुढच्या दशकात कित्येक जुन्या आगबोटींची साधी इंजिने कंपाऊंड करण्यात आली. १८८१ साली किर्क याच्या ‘अ‍ॅबर्डीन’ बोटीत वाफ तीन सिलिंडरांतून तीन वेळा कामाला लागली. दाब १२५ पौंड.

एवढ्या वर्णनावरून इतिहास म्हणजे सुधारणांची सरळ शिडी आहे असे वाटेल. पण दाब वाढविणे म्हणजे लोखंडाच्या सहनशक्तीशी व्यवहार करणे होय, आणि त्या व्यवहारात खोटे चालत नाही. अमेरिकेत मिसिसिपी नदीवर ‘सुलताना’ नावाची आगबोट होती. एप्रिल १८६५ मध्ये यादवी युद्ध संपले, आणि शत्रूच्या छावण्यांतून सुटलेल्या सैनिकांना घरी पोचविण्याचे काम बोटींना मिळाले. माणसामागे ठरलेले पैसे सरकार देणार. व्हिक्सबर्ग येथे ‘सुलताना’च्या एका बॉयलरला फुगवटा आला. बॉयलरचे काम करणारा कारागीर म्हणाला, पत्रे बदलले पाहिजेत, काही दिवस लागतील. कप्तानाला तेवढा वेळ नव्हता. माणसे दुसऱ्या बोटीला गेली असती. शेवटी मूळ पत्र्यापेक्षा पातळ पत्र्याचे ठिगळ मारले. ३७६ माणसांच्या बोटीवर दोन हजारांहून अधिक माणसे चढविली. २७ एप्रिलच्या पहाटे मेम्फिसच्या वर बॉयलर फुटले आणि हजाराहून अधिक माणसे मेली. स्फोटाच्या कारणांविषयी तज्ज्ञांनी पुढे अनेक मते मांडली. एकटे ठिगळच कारण होते असे कोणी म्हणू नये. परंतु त्या कारागिराला माहीत होते, त्याने सांगितले, आणि अखेर त्याच्याच हातांनी ते ठिगळ मारले गेले, एवढे खरे आहे. तो नकार देऊन उभा राहिला असता तर? त्याच्या पाठीशी कोण होते? हा प्रश्न आम्हांस फार दिवस छळीत आला आहे.

आता पुढची पायरी थोडक्यात. वाफ तीनदा वापरूनही बाहेर जाताना तिच्यात जोर उरत असे. चार्ल्स पार्सन्सच्या टर्बाइनने हा उरलेला जोर पकडणे शक्य केले. १९२६ च्या सुमारास जर्मनीत बाउअर आणि वाख यांनी जुन्या इंजिनातून निघालेली वाफ एका टर्बाइनमध्ये सोडून, तिची शक्ती दातेरी चाकांनी त्याच दांड्यावर आणली. कोळसा तितकाच, बॉयलर तोच. शक्तीत सुमारे पंचमांश ते चतुर्थांश भर. असे टर्बाइन चालू बोटींनाही मागाहून बसविता येई.

पण तोवर नवे यंत्र आले होते. १८९७ साली ऑग्सबर्ग येथे रुडॉल्फ डिझेलचे इंजिन यशस्वी झाले. शक्ती सुमारे २० अश्वशक्ती. १९१२ साली कोपनहेगनची ‘सेलांडिया’ प्रत्येकी १,२५० अश्वशक्तीची दोन डिझेल इंजिने घेऊन महासागरात उतरली. आणि डिझेलपुढेही तोच जुना प्रश्न उभा राहिला: त्याच सिलिंडरमधून अधिक जोर कसा काढावयाचा?

येथे थोडे थांबून विचार करू. इंजिनाची शक्ती चार गोष्टींवर ठरते: दट्ट्यावरचा दाब, दट्ट्याचे क्षेत्रफळ, त्याच्या धावेची लांबी आणि मिनिटातले धक्के. जुन्या इंजिनात क्षेत्रफळ आणि लांबी ही ओतीव लोखंडात कायमची ठरलेली असतात. फेरे वाढविले तर बेअरिंगा झिजतात. उरतो दाब. दाब वाढवावयाचा तर अधिक तेल जाळावयाचे. पण एक किलो तेल पुरते जळावयाला सुमारे पंधरा किलो हवा लागते, आणि सिलिंडर आपल्या मापाइतकीच हवा आत घेतो. हवा तेवढीच ठेवून तेल वाढविले तर ते अर्धवट जळते, धुराड्यातून काळा धूर येतो, आणि उष्णता दट्ट्याच्या माथ्यावर व झडपांवर बसते. चुलीत फुंकणीवाचून लाकडे कोंबल्यासारखे ते होते. घरात धूर, आणि भात कच्चा.

स्वित्झर्लंडच्या विंटरथूर गावी १८७९ साली जन्मलेल्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरने नेमके हेच पाहिले. इंजिनात जळणाऱ्या तेलाच्या उष्णतेचा चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक धुराबरोबर बाहेर जातो. त्या धुराने एक टर्बाइन फिरवावे, त्याच दांड्यावर हवेचा पंप बसवावा, आणि ती दाबलेली हवा सिलिंडरमध्ये भरावी, असे त्याने ठरविले. धूरच इंजिनाची फुंकणी झाला! १९०५ साली त्याने पेटंट घेतले. पण कल्पना आणि चालते यंत्र यांत वीस वर्षांचे अंतर पडले. तापलेल्या धुरात टिकेल असे टर्बाइन नव्हते, आणि चांगल्या गतीचा पंप नव्हता. १९२३ साली जर्मन सरकारच्या वाहतूक खात्याने पूर्व प्रशियाच्या फेरीसाठी दोन बोटींचे काम हाती घेतले: ‘प्रॉयसन’ आणि ‘हान्झेस्टाट डान्झिग’. १९२६ साली त्या पाण्यात उतरल्या. त्यांच्या दहा सिलिंडरांच्या इंजिनांची शक्ती ब्यूखीच्या पद्धतीने १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली.

यातली खरी मख्खी कोठे आहे ते सांगतो. अधिक हवा भरली म्हणजे अधिक तेल जळते हे कोणालाही कळेल. पण मग इंजिन अधिक तापून जळून का गेले नाही? ब्यूखीने सोडण्याची आणि घेण्याची झडप काही क्षण एकत्र उघडी ठेवली. त्या क्षणात दाबाची थंड हवा आतून वाहून जाई, उरलासुरला धूर हाकलून देई आणि दट्ट्याचा माथा व झडपा निववी. शिवाय ज्या सिलिंडरांचे धुराचे झोत एकमेकांच्या आड येतील, त्यांच्या नळ्या त्याने वेगळ्या केल्या. जोर वाढविण्याआधी त्याने यंत्राला श्वास दिला. पुढे पंपातून येणारी गरम हवा पाण्याच्या नळ्यांवरून निवून आत सोडण्याची जोड मिळाली; थंड हवा दाट असते, म्हणून तितक्याच जागेत ती अधिक मावते. दोन धक्क्यांच्या मोठ्या इंजिनांना ही पद्धत लागू व्हावयास १९५२ साल उजाडले. त्या वर्षी डेन्मार्कच्या ‘डॉर्टे मेर्स्क’ या तेलवाहू जहाजावर सहा सिलिंडरांच्या इंजिनाची शक्ती ५,५३० वरून ८,००० अश्वशक्ती झाली.

आता आमची चूक.

१९९६ सालची गोष्ट. मुंबई बंदराच्या एका कडेला लहान लाँचांची दुरुस्ती करणारी एक वर्कशॉप होती. एका मालकाने आपली जुनी लाँच आणली. नवी लाँच तिच्या पुढे जाते, प्रवासी तुटतात, म्हणून इंजिनाचा जोर वाढवा, असे त्याचे म्हणणे. टर्बो बसवावयाला पैसे नव्हते. मुकादमाने फिटरला सांगितले, “पंपाचा स्क्रू सोड, तेल वाढव.” फिटर म्हणाला, “धूर आताच काळा आहे. तिला हवा पुरत नाही. तेल वाढवले तर दट्ट्या धरेल.” मुकादम म्हणाला, “तू इंजिनिअर आहेस काय?”

तो फिटर संध्याकाळी आमच्या युनियनच्या कचेरीत आला. तो म्हणाला, “भाऊ, हे काम मी करू का नको?” आम्ही बोनसच्या वाटाघाटीत गढलो होतो. आम्ही म्हणालो, “हा तांत्रिक प्रश्न आहे, युनियनचा नाही. साहेब सांगतात तसे कर आणि अंगावर येणार नाही एवढे बघ.” त्याने स्क्रू सोडला. लाँच महिनाभर जोरात धावली, आणि मालक खूष झाला. मग भर समुद्रात एक दट्ट्या धरला, दांडा तुटला आणि इंजिनाची कूस फोडून बाहेर आला. उकळते तेल इंजिनापाशी बसलेल्या एकोणीस वर्षांच्या पोऱ्याच्या हातांवर आणि छातीवर उडाले. तो वाचला, पण त्याच्या उजव्या हाताची बोटे पुढे नीट मिटली नाहीत. नुकसानभरपाईची रक्कम मिळवून द्यावयाला आम्हांस दीड वर्ष लागले, आणि ती फार थोडी होती. फिटर आम्हांस कधी काही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

तेव्हापासून आम्ही इंजिनाविषयी वाचू लागलो. यंत्राचा दाब किती असावा हा प्रश्न युनियनचाच आहे, हे आम्ही पंचवीस वर्षे कामगारांना सांगत आलो आहोत. जाणता कारागीर “हे सोसणार नाही” म्हणतो तेव्हा त्याची नोकरी शाबूत राहील एवढा आधार त्याच्यामागे असलाच पाहिजे. व्हिक्सबर्गच्या कारागिरामागे तो नव्हता. आमच्या फिटरमागे तो असावयास हवा होता, आणि आम्हीच सरून उभे राहिलो.

त्या मालकाला कोणी एक साधा हिशेब सांगितला असता तर कदाचित हे टळले असते. पाण्यात बोटीचा वेग शक्तीच्या प्रमाणात वाढत नाही. ढोबळ नियम असा, की शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे लागते. इंजिनाची शक्ती दुप्पट केली तरी वेग जेमतेम सव्वापट होतो. वेग दहा टक्क्यांनी वाढवावयाला सुमारे एक तृतीयांश शक्ती अधिक लागते. शिवाय दांडा, बेअरिंग आणि पंखा यांनाही तो जोर पेलावा लागतो. जुन्या मापाचा पंखा नव्या जोराला जुळत नाही. म्हणून चांगला कारागीर जोर वाढवावयाच्या आधी तळाचे शेवाळ आणि कालवे खरवडावयाला सांगतो, पंखा तपासतो, हवेची जाळी साफ करतो, तेलाचे फवारे पाहतो. कित्येकदा हरवलेला जोर तेथेच सापडतो.

आता वाटणीची गोष्ट. वाफेच्या काळात बोटीच्या पोटात आगवाले आणि कोळसेवाले काम करीत. मुंबईहून भरती होणाऱ्या खलाशांत डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान पुष्कळ, स्वयंपाकघरात आणि प्रवाशांच्या दिमतीस गोव्याचे लोक, आणि इंजिनखान्यात बहुधा पंजाबी व पठाण. कलकत्त्याच्या बोटींवर तेथे सिल्हेटचे लोक असत. भट्टीपुढे पन्नास अंशांवर उष्णता, हाती फावडे, आणि पगार गोऱ्या खलाशाच्या पगाराचा एक लहानसा हिस्सा. इंजिन सुधारले, कोळसा वाचला, तेव्हा ती बचत जास्तीच्या मालाच्या जागेत आणि भागीदारांच्या नफ्यात गेली. पहिल्या महायुद्धानंतर मोठ्या बोटी कोळसा सोडून तेलावर आल्या. ‘ऑलिंपिक’ या प्रचंड बोटीवर इंजिनखान्यातली माणसे सुमारे ३५० वरून ६० वर आली. फावड्याचे नरकासमान काम गेले याचे दुःख कोणी करू नये. पण ते काम करणाऱ्या माणसांचे पुढे काय, हा प्रश्न करारात कोणी लिहिला नव्हता. वॉटच्या करारात नव्हता, तसाच.

आणि आता या इतिहासाने एक वळण घेतले आहे. २००६ साली ‘एमा मेर्स्क’ या जहाजावर चौदा सिलिंडरांचे सुमारे १,०९,००० अश्वशक्तीचे इंजिन बसले. वाटले, ही चढण अशीच चालणार. पण २००८ च्या मंदीनंतर कंपन्यांनी आपण होऊन जहाजे हळू चालवावयास घेतली. कारण घनाचा तोच नियम उलट लावला की वेग पंचमांशाने कमी करताच शक्ती जवळजवळ निम्मी पुरते. पुढे धुराने वातावरण तापते हे सर्वांस मान्य करावे लागले. १ जानेवारी २०२३ पासून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा नियम ४०० टनांवरील चालू जहाजांना लागू झाला, आणि तो पाळण्यासाठी अनेक जुन्या जहाजांच्या इंजिनांवर शक्तीची मर्यादा घालून तिला सील लावण्यात आले. संकटसमयीच ते सोडावयाचे. दोनशे वर्षे जे वाढविण्याची खटपट केली, ते आता कुलूपबंद करण्यात येत आहे.

यावरून अश्वशक्ती वाढविणाऱ्यांचे सारे श्रम फुकट गेले असे आम्ही म्हणणार नाही. वॉटने वाया जाणारी उष्णता राखली, एल्डरने सुटून जाणारी वाफ पुन्हा कामाला लावली, ब्यूखीने धुरातून हवा मिळविली. यंत्राला अधिक न छळता त्यांनी अधिक काम काढले. ‘सुलताना’च्या कप्तानाने आणि आमच्या लाँचवाल्याने जोर काढला तो लोखंडाच्या आणि माणसाच्या अंगातून. पहिली सुधारणा टिकली; दुसरीचे बिल कोणीतरी देहाने फेडले.

तो पोऱ्या आता पन्नाशीकडे आला आहे. तो बंदरात चहाची गाडी चालवितो आणि किटली डाव्या हाताने धरतो. कधी आम्ही तेथे उभे असताना एखादी लाँच काळा धूर टाकीत जाते. तो तिच्याकडे पाहतो आणि म्हणतो, “भाऊ, तिला हवा पुरत नाही.” आम्ही ती कोणत्या मालकाची ते विचारून घेतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या फिटरला भेटतो.